माणुसकीला जागा लागते

पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचे आकडे कोल्हापुरात घराघरांत फिरू लागतात, आणि पाणी ओसरून रस्त्यांवरचा गाळ वाळायच्या आत कोल्हापूरकरांच्या माणुसकीवर वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, संकटात माणसे कशी धावून आली ते पाहा. हीच आपल्या मातीची ओळख. दुसरी म्हणते, पुरे झाले हे कौतुक. नदीलगतच्या बांधकामांना परवानगी कोणी दिली, धरणांतून पाणी सोडण्याचे निर्णय कोणी आणि कसे घेतले, ते विचारा. खिचडीच्या पातेल्याने पूर अडत नाही. पूर नसतो तेव्हाही हा वाद थांबत नाही, फक्त निमित्ते बदलतात: प्रवाशाची विसरलेली दागिन्यांची पिशवी परत करणारा रिक्षावाला, दवाखान्याबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाढणारे तरुण मंडळ, जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाटेवर बसून अनोळखी भाविकांच्या गाड्या फुकट दुरुस्त करून देणारे मेकॅनिक. पहिली बाजू गहिवरते, दुसरी चिडते, आणि चर्चा होती तिथेच राहते.

ती तिथेच राहते, कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकलेली आहे. अनोळखी माणसाशी केलेला लहानसा चांगुलपणा ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची, खासगी बाब आहे, असे दोघेही धरून चालतात. एका बाजूला तो स्वभाव पुरेसा वाटतो, दुसरीला तो कुचकामी वाटतो, एवढाच काय तो फरक. माझे म्हणणे असे आहे की हा चांगुलपणा मुळात खासगी नाहीच. ती एक सार्वजनिक क्षमता आहे. अनोळखी माणसे जिथे एकमेकांसमोर बरोबरीने उभी राहू शकतात अशा जागांतून ती तयार होते, त्या जागा आकसल्या की ती आकसते, आणि ज्या समाजात ती आकसली त्या समाजाला न्याय मागण्याचेही बळ उरत नाही. म्हणून ‘माणुसकी हवी की व्यवस्था’ हा झगडा मला निरर्थक वाटतो, आणि नुकसानकारकही, कारण त्या झगड्यात दोन्हींची हेळसांड होते.

मोठ्या प्रसंगांपेक्षा साध्या प्रसंगात हे अधिक नीट दिसते. कोल्हापुरातल्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोर थोडा वेळ उभे राहावे. चंदगड, आजरा, राधानगरीकडून, खाली कोकणातून आणि वर निपाणी-चिकोडीकडून आलेली माणसे त्या रांगेत असतात. डोक्याला टोपी, हातात घड्या पडून पडून फाटायला आलेला कागद, अशा एखाद्या म्हाताऱ्याला आपण चुकीच्या खिडकीशी उभे आहोत हे तासाभराने कळते. कानडी वळणाच्या मराठीत तो कुणाला तरी विचारतो आणि रांगेतली एक बाई म्हणते, “मामा, ही खिडकी न्हवं. चला, दावते मी.” डब्याची पिशवी रांगेत आपल्या जागी ठेवून, मागच्याला “एवढा नंबर धरा वो” म्हणून ती त्याला घेऊन जाते. ती परत येईपर्यंत तो मागचा माणूस रांग सरकेल तशी ती पिशवी उचलून पुढे ठेवत राहतो. तिघांनाही एकमेकांची नावे माहीत नाहीत आणि कोणी विचारतही नाही. बाई परत आल्यावर पिशवी उचलते, मान हलवते आणि रांग पुढे जाते.

यात दाता कोण आणि याचक कोण? परोपकाराविषयीचा एक जुना आणि खरा आक्षेप असा आहे की देणारा वरचढ होतो आणि घेणारा मिंधा होतो. देणगीच्या पाटीवर नाव कोरून घेणाऱ्यांच्या बाबतीत तो शंभर टक्के लागू आहे. २०१९ च्या महापुरानंतर शिध्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवल्यावरून जो संताप झाला, तो याच कारणाने योग्य होता. आणि मदत म्हणून आलेले, अंगाला लावता येणार नाहीत असे जुनेर कपड्यांचे ढीग पूरग्रस्तांपुढे टाकले गेले, तेही घेणाऱ्याचा विचार न करता दिलेले दान होते. हे सगळे मला मान्य आहे. पण केसपेपरच्या रांगेत असे काही घडत नाही, कारण तिथे उद्या जागा बदलतात. आज वाट दाखवणारी बाई उद्या दुसऱ्या इमारतीत वाट विचारणार आहे, हे तिला ठाऊक असते. अनोळखी माणसांमधल्या लहान कृतींना उपकाराचे ओझे नसते, ते त्या इतक्या लहान असतात म्हणून आणि देणारा-घेणारा एकाच रांगेत उभे असतात म्हणून. जिथे रांग एक नसते तिथे हीच कृती मेहेरबानी होते.

यावर चिडलेली बाजू जे विचारेल ते विचारायलाच हवे: त्या म्हाताऱ्याला कुणाच्या तरी चांगुलपणाची गरज का पडावी? खिडकीवर ठळक पाटी का नाही? सीमाभागातून रोज एवढी माणसे येतात तर कानडीत पाटी का नाही? चौकशीच्या टेबलावर माणूस का नाही? हा सर्वांत भक्कम आक्षेप आहे. नागरिकांच्या चांगुलपणाने व्यवस्थेची भोके बुजत राहिली तर व्यवस्थेला ती भोके दिसतच नाहीत, आणि ‘लोक करतात की’ म्हणून तिजोरीवर हात ठेवून बसणारे प्रशासन आपण पाहिलेले आहे.

पण या आक्षेपात एक गोष्ट राहून जाते. पाटी नाही, हे कळते कोणाला? ज्याला पहिल्यापासून ओळखीने आत घेतले जाते त्याला ते कळत नाही. जो आपल्यापुरता कागद घेऊन निघून जातो त्याला कळले तरी ते फार वेळ टोचत नाही. ज्या बाईने चार म्हाताऱ्यांना एक्स-रेच्या खोलीपर्यंत पोचवले आहे, तिला मात्र पाटी नेमकी कुठे हवी हेही सांगता येते. दुसऱ्याची अडचण आपल्या अंगावर घेतल्याशिवाय तिची सार्वजनिक तक्रार होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी धोक्याची ४३ फुटांची खूण ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कितीतरी दिवस बंद राहिला आणि परराज्यांतले शेकडो ट्रकचालक रस्त्यातच अडकले. शहराची पाणी उपसा केंद्रे बुडाल्याने चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. त्या दिवसांत महामार्गालगतच्या गावांनी या चालकांना भाकरी-आमटी पोचवली, आणि नावेतून माणसे काढणाऱ्या पोरांनी कुणाचे घर किती वाजता बुडाले हे डोळ्यांनी पाहिले. पूररेषेवर आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीवर पुढे ज्या तावातावाने या जिल्ह्यात बोलले गेले, त्यातले जे बोलणे ठाम होते ते अशा पाहिलेल्या माणसांचे होते. मदत करणारे हात आणि जाब विचारणारी तोंडे वेगवेगळ्या माणसांची असतात, हा समज कुणी आणि कशाच्या आधारावर पसरवला?

कोल्हापूरच्या इतिहासात तर या समजाला जागाच नाही. गंगाराम कांबळे यांची गोष्ट इथे प्रत्येकाने ऐकलेली असते, पण ती बहुधा राजाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि तिथेच तिच्यातला मुद्दा निसटतो. संस्थानच्या नोकरीत असलेल्या गंगाराम यांनी सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना त्या नोकरीतून मोकळे केले, स्वतःचा धंदा काढायला मदत केली, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे चहाचे हॉटेल उभे राहिले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या दुकानासमोर थांबवून चहा मागवू लागले, स्वतः प्यायले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला.

आता या चहाशेजारी महाराजांचे हुकूम ठेवून पाहा. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१९ मध्ये विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असा हुकूम काढला गेला. चहा पिऊन समाधान मानणारा हा राजा नव्हता. मग ज्याच्या हातात कायदा होता, त्याला खडखडा थांबवायची गरज का वाटावी? कारण हुकुमाने दुकान उघडे ठेवता येते, पण त्या दुकानातला पहिला घोट कुणी घ्यायचा, हे हुकूम सांगू शकत नाही. आणि उलट बाजूने, हुकूम नसता तर तोच चहा एका नोकरावरची राजाची मेहेरबानी ठरून विसरला गेला असता.

कुणी म्हणेल की महाराज आणि गंगाराम हे अनोळखी नव्हते आणि बरोबरीचे तर नव्हतेच. खरे आहे. म्हणूनच मला या गोष्टीत महाराजांइतकीच ती नाव नसलेली गिऱ्हाइके महत्त्वाची वाटतात, जी त्यांच्या मागोमाग त्या दुकानाची पायरी चढली. त्यांच्यापाशी सत्ता नव्हती, त्यांचे कुणी चित्र काढले नाही. एका आणा-पैशाच्या चहासाठी त्यांनी आपल्या आळीतली बोलणी पत्करली. अस्पृश्यतेच्या विरोधातला कायदा त्यांच्या त्या घोटाने जमिनीवर उतरला.

महाडचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये सदस्य सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते, महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जावे लागले आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला. आंबेडकरांनी तिथे कुणाची दया मागितली नाही, हक्क बजावला, आणि हक्काच्या जागी दया पुढे करणे हा अपमानच ठरला असता. पण कागदावर तीन वर्षांहून अधिक काळ खुल्या असलेल्या त्या तळ्याकडे पाहून एवढे तरी मान्य करावे लागते की ठराव करणारे मंडळ आणि ठराव पाळणारे गाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातल्या बहुसंख्य सामान्य माणसांनी अनोळखी तहानलेल्याला वाट करून देण्याची तयारी ठेवली नाही, तर उत्तम ठरावालाही लढ्याशिवाय पाणी सुटत नाही.

आता सर्वांत अवघड भाग. ७ जून २०२३ रोजी याच कोल्हापुरात समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमाव रस्त्यावर उतरला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, अश्रुधूर सोडावा लागला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. महापुरात जात-धर्म न विचारता नावेत हात देणारे शहर चारच वर्षांत एवढे बदलते, तर त्या हात देण्याला किंमत काय? हा प्रश्न टाळून माणुसकीवर लिहिण्यात काही अर्थ नाही. मी तो असा पाहतो: जमाव ज्यांच्याविरुद्ध जमतो, त्यांचे तोंडही त्याने बहुधा पाहिलेले नसते, त्याला फक्त नाव आणि मोबाइलवरचे चित्र पुरते. नावेत हात देणाऱ्याच्या समोर मात्र तोंड असते आणि नाव नसते. चांगुलपणा सगळीकडे आपोआप पसरतो, असा दावा मी करत नाही. तो जागेला बांधलेला असतो. अपघातात पडलेल्याला उचलताना आडनाव विचारले जात नाही, पण तोच माणूस भाड्याने खोली बघायला आला की पहिला प्रश्न आडनावाचा असतो, आणि प्रश्न विचारणारा अनेकदा उचलणाराच असतो. यावरून माणुसकी खोटी ठरत नाही. कोणत्या दारात अजून तिला मज्जाव आहे, ते कळते. जिथे आडनाव विचारायला सवड असते, तिथेच कायद्याने आणि लोकमताने जोर लावायला हवा. आणि दंगलीनंतर दुकानांची शटर वर गेली की कोण कुणाच्या दुकानात पूर्वीसारखा जातो, हे कोणतीही शांतता समिती ठरवू शकत नाही. ते काम चार रुपयांच्या खरेदीला नेहमीच्याच दुकानात जाणारा माणूस करतो.

‘शहरातला माणूस आता दगड झाला आहे’ असे सांगणाऱ्यांसाठी थोडेसे. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीची रात्री हत्या झाली, आणि ३८ जणांनी ती पाहूनही कुणी पोलिसांना कळवले नाही, अशी बातमी एका मोठ्या दैनिकाने छापली. शहरी निर्दयतेचा पुरावा म्हणून ती पुढे जगभर सांगितली गेली. बातमी चुकीची होती. एवढ्या लोकांनी तो हल्ला पाहिलाच नव्हता, पोलिसांना फोन गेल्याचे सांगणारे शेजारी होते, आणि इमारतीतली एक बाई धावत खाली येऊन त्या मरणाऱ्या मुलीला मिठीत घेऊन बसली होती. ती बाई मूळ बातमीत नव्हती. आपल्याकडच्या निराशेच्या बातम्यांतूनही अशी किती माणसे गळत असतील?

खरा अडसर निर्दयता नसून घाई आहे, असे सुचवणारा, अमेरिकेत प्रिन्स्टन इथे केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवले आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला. ज्यांना पुरेसा वेळ आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी १० टक्के. त्यातले काही जण वाटेतल्या जखमी परक्याला मदत करण्याच्याच बायबलमधल्या कथेवर बोलायला निघाले होते, आणि तरीही विषयाने फारसा फरक पडला नाही. प्रवचनाने माणूस थांबत नाही, सवडीने थांबतो. तेव्हा लोकांना घाईत कोण लोटते, त्यांना थांबायला जागा कुठे उरली आहे, हे प्रश्न शुद्ध नागरी नियोजनाचे आहेत.

या जागा कोल्हापुरात भरपूर होत्या आणि अजून पुष्कळ आहेत. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पेला हातात घेऊन शेजारच्या अनोळखी माणसाशी म्हशीवरून बोलणे सुरू होते. तालमीच्या पायरीवर, एसटीच्या बाकावर, रंकाळ्याच्या कठड्यावर, उन्हाळ्यातल्या पाणपोईच्या रांजणाशी माणसे ओळखीशिवाय शेजारी येतात. पण पाणपोईच्या जागी बाटलीबंद पाणी येते, बसथांब्यावरचे बाक मोडले की परत बसत नाही, पदपथ गाड्यांखाली जातो, नव्या संकुलांच्या फाटकावर रखवालदार नोंदवही घेऊन बसतो, आणि घरपोच जेवण आणणाऱ्या पोराला लिफ्ट वापरू नको म्हणून बजावले जाते. यातली कोणतीही गोष्ट क्रूर म्हणून ठरवली गेलेली नाही. सगळ्या सोयीच्या नावाखाली आल्या. परिणाम मात्र असा होतो की दिवसभरात आपल्यापेक्षा वेगळ्या माणसासमोर थोडे तरी बरोबरीने उभे राहण्याचा प्रसंग येतच नाही, आणि जो प्रसंग येत नाही त्याची सवयही राहत नाही. माणुसकी आटली म्हणून हळहळणाऱ्यांनी पदपथ, बाक आणि पाणपोईसाठी महापालिकेत भांडायला हवे. आणि व्यवस्थेवर बोलणाऱ्यांनी हे विषय क्षुल्लक समजून सोडून देऊ नयेत.

मदत केली तर पोलीस आणि कोर्टाचे झेंगट मागे लागेल, ही भीती उरते. ती खोटी नव्हती. पण कायदा पुढे गेला आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले, आणि सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, हे कायद्यातच लिहिले गेले. २०२० च्या नियमांनी त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हेही स्पष्ट केले. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे: मदत करणाऱ्याच्या या हक्कांची सनद प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी किंवा ठळक जागी, हिंदी-इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लावली पाहिजे. सांगली फाट्यापासून कागलपर्यंतच्या महामार्गावर रोज अपघातग्रस्तांना उचलणारे ट्रकचालक, दूधवाले, ऊसतोड मजूर आणि रिक्षावाले यांच्यापैकी कितींना हा हक्क कुणी सांगितला आहे? ती सनद मराठीत, मोठ्या अक्षरांत, अपघात विभागाच्या दारावर लागली आहे का, हे आपापल्या भागातल्या रुग्णालयात जाऊन पाहावे, आणि नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.